खिळ्यावरची बाटली

लिटरचा फोन आला तेव्हा मिस्त्री एका गाडीखाली उताणा पडला होता, आणि बोलणं संपल्यावरही बराच वेळ तो तसाच पडून राहिला. गाडीखालचं काम केव्हाच झालं होतं. बाहेर यायचं धाडस होत नव्हतं, एवढंच.

"रविवारी सकाळी येतो," लिटर म्हणाला होता. "ती निळी गाडी आहे ना अजून तुझ्याकडे? एकदा मोजून बघायचीय. आठ वर्षं झाली, डोक्यातून जात नाही. एकदाच मोजतो आणि विषय संपवतो."

"ये की," मिस्त्री म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीशेजारी, एका खिळ्याला काचेची बाटली टांगलेली होती. गळ्याला तार, बुचातून निघालेली रबरी नळी, आणि बरोबर एक लिटरवर पांढऱ्या रंगाची रेघ. बाटली लिटरची होती. लिटर गॅरेज सोडून गेला तेव्हा पाने घेऊन गेला, डबा घेऊन गेला, अगदी तुटक्या दांड्याचा कपसुद्धा घेऊन गेला, पण बाटली राहिली. ती दिसली की मिस्त्रीला वाटायचं, माणूस काही कायमचा गेलेला नाही, बाटली न्यायला तरी येईल. आता तो खरंच येत होता आणि मिस्त्रीला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दोघांनी मिळून वीस वर्षं हे गॅरेज चालवलं. जुन्या गाड्या घ्यायच्या, त्यांच्या पोटात दुसरं इंजिन बसवायचं, आतून बाहेरून बदलून त्यांना पळायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. मिस्त्रीला जोर हवा असे. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की माणूस सीटला चिकटला पाहिजे, नाहीतर गाडी कशाला बनवायची, सरळ बसने जा, असं त्याचं म्हणणं. लिटरचा सवाल एकच, "लिटरला किती देते?" नाव त्यावरूनच पडलेलं. त्याच्या आईने ठेवलेलं नाव गॅरेजमध्ये कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

भांडण व्हायचं ते जेटवरून. जेट म्हणजे कार्बोरेटरच्या पोटातला शेंगदाण्याएवढा पितळी स्क्रू, मधोमध आरपार भोक असलेला. भोक मोठं तर पेट्रोल जास्त आणि जोरही जास्त, भोक लहान तर गाडी काटकसरी. मिस्त्री मोठा जेट टाकायचा, लिटर तो काढून लहान टाकायचा. मिस्त्री म्हणायचा, "तू गाडीला उपाशी मारतोस." लिटर म्हणायचा, "तू तिला दारू पाजतोस." एकेका गाडीवर चार-चार दिवस हे चालायचं. मग कुठेतरी मधला जेट दोघांच्या गळी उतरायचा, आणि लिटर बाटली काढायचा.

टाकीची नळी सोडायची, बाटली बॉनेटखाली टांगायची, तिची नळी इंजिनला जोडायची आणि मागच्या रस्त्याने निघायचं. शून्य किलोमीटरच्या दगडापासून चढाला लागायचं, खाणीवरून पुढे. एक लिटर संपला की गाडी दोन गचके देऊन थांबायची. लिटर खाली उतरून जवळच्या दगडापर्यंत पावलं मोजत जायचा. हे सगळेच गॅरेजवाले करतात. यांचं वेगळं होतं ते पुढचं. मापन पटलं की लिटर मिस्त्रीच्या बायकोची लाल नेलपॉलिश मागवायचा आणि कार्बोरेटरच्या झाकणाच्या स्क्रूवर एक ठिपका लावायचा. ठिपका पडला की भांडण संपलं. त्यानंतर झाकण कुणी उघडायचं नाही, मालकाने नाही, मिस्त्रीने नाही, खुद्द लिटरनेही नाही. वीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला. तो मिस्त्रीने मोडला.

दरवर्षी एका टाकीची शर्यत असायची. आयोजक टाकी कोरडी करून वीस लिटर मोजून ओतत, झाकणाला सील ठोकत, आणि दोनशे छत्तीस किलोमीटरचा डोंगराळ रस्ता दाखवत. तेवढ्या पेट्रोलात जो पोचेल आणि सगळ्यांच्या आधी पोचेल तो पहिला. जोर जास्त ठेवला तर वाटेत कोरडे, कमी ठेवला तर सगळ्यांच्या मागे. मिस्त्री आणि लिटर सात वर्षं पोचले आणि सातही वर्षं चौथे आले. सुट्या भागांचा दुकानदार तर मिस्त्रीला पाहिलं की म्हणायचाच, "काय हो, यंदाही चौथा नंबर सांभाळून ठेवलाय ना? लिटर आहे म्हणजे काळजी नाही." मिस्त्री वरवर हसायचा. घरी येऊन बायकोवर उगाच करवादायचा.

आठव्या वर्षीची ती निळी गाडी. भांडून, रुसून, दोन दिवस अबोला धरून जेट ठरला, लिटरने मापलं आणि म्हणाला, "बारा." ठिपका लावला. बाराने वीस लिटरचे दोनशे चाळीस किलोमीटर होतात, म्हणजे वर चार किलोमीटर शिल्लक.

आता मिस्त्रीला एक गोष्ट पक्की माहीत होती. लिटर आकडा सांगताना नेहमी अर्धा हातचा राखायचा. साडेचौदा देणाऱ्या गाडीला चौदा म्हणायचा, साडेदहा देणारीला दहा. बोलून कधी दाखवलं नाही, पण वीस वर्षं शेजारी बसणाऱ्याला कळतंच. त्यामुळे लिटरचे बारा म्हणजे खरे साडेबारा, हे मिस्त्रीने मनाशी धरलं. पुढच्या नंबरचा जेट अर्धा किलोमीटर खाईल. म्हणजे उरले बरोबर बारा. लिटरने लपवून ठेवलेला अर्धा किलोमीटर आपण जोरात घालायचा, गाडी पोचणार ती पोचणारच, आणि चौथ्या नंबरचं हे लचांड एकदाचं सुटेल.

शर्यतीच्या आदल्या दुपारी लिटर कागदपत्रं द्यायला गेला. मिस्त्रीने ठिपका खरवडला, झाकण काढलं, जेट बदलला, झाकण लावलं आणि त्याच नेलपॉलिशचा नवा ठिपका दिला. सगळं मिळून दहा मिनिटं. जुना जेट वॉशरांच्या डब्यात टाकला. काम सफाईने झालं याचं तेव्हा त्याला कौतुक वाटलं होतं, आज शरम वाटते.

चालवायला लिटरच होता, कारण त्याचा पाय हलका. दुसऱ्या दिवशी गाडी अशी काही चढली की दुपारपर्यंत पुढे फक्त एक गाडी उरली. लिटर आनंदाने ओरडत होता. "अरे, काय खेचतेय! आपल्याला उगाच भीती वाटत होती!" मिस्त्रीची छाती फुगली होती. आणि शेवटापासून सहा किलोमीटरवर, सरळ सपाट रस्त्यात, गाडीने दोन गचके दिले आणि ती थांबली.

लिटर बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग उतरला, बॉनेट उघडलं. लाल ठिपका जागच्या जागी, अख्खा. त्याने त्याच्यावर बोट ठेवून पाहिलं. ठिपका अख्खा आहे म्हणजे आत कुणाचा हात लागलेला नाही, हे त्याच्या दृष्टीने इतकं उघड होतं की त्याने मिस्त्रीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. बॉनेट हळूच खाली केलं आणि म्हणाला, "माझा हात चुकला."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. रस्त्यावर दोघंच होते, वेळ भरपूर होता. पण मिस्त्रीने काय केलं? त्याने लिटरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे रे. होतं असं."

जेट बदलल्याचं पाप मिस्त्रीला एक वेळ पचलंही असतं. धंद्यात माणूस हावरेपणा करतो, चुकतो. पण ज्याला फसवलं त्यालाच त्याने वर माफ केलं होतं. आठ वर्षांत हे वाक्य आठवलं नाही असा दिवस गेला नसेल.

महिन्याभरात लिटर गेला. भांडून नाही. प्रत्येक गाडी तीन-तीनदा मोजू लागला, तरी आकडा सांगेना. "तूच मोज," म्हणायचा. मिस्त्री म्हणायचा, "अरे एकदा चुकलं तर काय झालं?" आणि तेवढं म्हणून गप्प बसायचा. शेवटी लिटरने एका गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. आत येणाऱ्या गाडीला फाटक उघडायचं, गेल्यावर लावायचं, मोजायचं काही नाही. पुलापलीकडच्या मोठ्या गॅरेजवाल्याने त्याला चार वेळा बोलावणं धाडलं. चारही वेळा याने एकच उत्तर दिलं म्हणे, "माझ्या मापावर आता विसंबू नका."

रविवारी सकाळी मिस्त्री उजाडताच गॅरेजमध्ये आला. निळ्या गाडीवरचं कापड काढलं. तिला तो विकू शकला नव्हता आणि रस्त्यावर नेऊही शकला नव्हता. दर आठवड्याला चालू करून ठेवायचा, तेवढंच. मग त्याने वॉशरांचा डबा उपडा केला. जेट सापडला, थोडा काळवंडलेला.

दहा मिनिटांचं काम. हा जेट परत टाकला की बाटली बारा दाखवेल, लिटर खूश होईल. मग गाडी तेव्हा का थांबली याचा दोष वाऱ्यावर घालता येईल, टाकीवर घालता येईल, दोष घालायला जागा पुष्कळ असतात. पण स्क्रूवर लाल ठिपका होता, आणि तो खरवडला तर दुसरा लावायला हवा. बायकोने लाल रंग लावणं कधीच सोडून दिलं होतं. आठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अखेर नेलपॉलिशपाशी येऊन अडली, याचं मिस्त्रीला हसू आलं आणि लगेच स्वतःची किळस आली. त्याने जेट शर्टाच्या खिशात टाकला. नाही बदलला तरी आपण सुटतोच, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. बाटली साडेअकरा दाखवेल आणि लिटर म्हणेल, हात चुकलाच होता. म्हणजे काहीच न करता बसून राहिलं तरी भागण्यासारखं होतं.

बायको चहा घेऊन आली. "भाऊजी येणार म्हणून एवढ्या सकाळी उठलात होय? इतकी वर्षं एकदा जाऊन या म्हणाले तर गेला नाहीत."

"वेळ कुठे होता?"

"हो, गाडीखाली लोळायला होता," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

लिटर आला तो केस पांढरे करून, बाकी तोच. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं. बाटली दिसताच त्याचा चेहरा मऊ झाला. "ठेवलीस अजून?"

"जाते कुठे?"

बाटली धुतली, भरली, टांगली. बॉनेटखाली वाकलेला लिटर लाल ठिपका पाहून क्षणभर थांबला, मग नळी जोडली. शून्याच्या दगडापाशी त्याने मीटर पाहिलं, खिशातल्या कागदावर लिहिलं आणि गाडी हाकली. आठ वर्षं फाटक उघडणाऱ्या माणसाचा पाय, पण काय हलका! गिअर बदललेला कळत नव्हता. चढावर इंजिनचा सूर जरा वर गेला की लगेच पाय सैल. मिस्त्री शेजारी बसून त्या पायाकडे बघत राहिला. खाण गेली, वळणं गेली, एकेक दगड मागे पडला. मिस्त्रीला वाटत होतं, आज काहीतरी चमत्कार होऊन बारा भरावेत. पण चमत्कार जेटच्या भोकातून जात नाहीत. अकराव्या दगडानंतर गाडीने दोन गचके दिले आणि थांबली.

लिटर उतरला, मागच्या दगडापर्यंत पावलं मोजत गेला, मोजत परत आला. "साडेअकरा," म्हणाला. "झालं तर मग. हातच चुकला होता."

आणि तो हसला. मिस्त्रीला हे अपेक्षित नव्हतं. मोकळं, सुटल्यासारखं हसला आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला.

"बरं झालं बघ. निदान नक्की कळलं. इतके दिवस मन म्हणायचं, तू बरोबर होतास. मग वाटायचं, बरोबर होतास तर गाडी का थांबली? वेड लागायची पाळी." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आई शेवटच्या दुखण्यात होती ना, तिचं औषध चमच्यात मोजून द्यावं लागायचं. मी कधी दिलं नाही. शेजारणीला बोलवायचो, दिवसातून तीनदा. आई म्हणायची, अरे तुझ्या हातचं दे की. माझी छाती व्हायची नाही. नंतर फार लागलं ते मनाला. आता वाटतं, बरोबरच केलं. या हाताचा काय भरवसा होता?"

मिस्त्रीने खिशात हात घातला. आपण हे करणार आहोत हे त्याला हात बाहेर आल्यावरच कळलं. जेट त्याने लिटरच्या तळहातावर ठेवला.

लिटरने तो उजेडात धरला, भोकातून पाहिलं, कडेचा आकडा वाचला. "हा माझा," म्हणाला. मग बॉनेटकडे बघितलं. "हा बाहेर कसा?"

"मी काढला होता. शर्यतीच्या आदल्या दुपारी. तू कागद द्यायला गेला होतास."

"आणि ठिपका?"

"मीच लावला परत."

लिटर जेट बोटांत फिरवत राहिला. एक ट्रक चढावरून कण्हत आला आणि गेला. मिस्त्रीला वाटलं, त्याने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी. तोच घाईघाईने बोलू लागला, "मला वाटलं, तू नेहमीसारखा अर्धा राखला असशील. बारा म्हणालास म्हणजे साडेबारा असतील. तेवढाच मी घेतला. गाडी पोचेल असंच वाटलं मला, शप्पथ."

"नव्हता राखला," लिटर म्हणाला.

"का?"

"त्या वर्षी नव्हता राखला. तू दोन दिवस बोलत नव्हतास. मला वाटलं, वीस वर्षं मी याचा हात धरून ठेवलाय. एक वर्ष याच्या मनासारखं होऊ दे. म्हणून मला हवा होता त्यापेक्षा एक नंबर मोठा जेट मीच टाकला होता." त्याने जेट मुठीत घेतला. "बारा म्हणालो ते खरे बाराच होते. पहिल्यांदाच."

चोरण्याइतकं तिथे काही उरलेलंच नव्हतं. लिटरने सगळं आधीच त्याला देऊन टाकलं होतं, आणि त्याने ते उघडून बघायच्या आधीच वर आणखी हात मारला होता.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"तू म्हणालास, असू दे, होतं असं," लिटर म्हणाला. "माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास. मला आठवतंय. मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, मिस्त्री एका शब्दाने बोलला नाही म्हणून."



लिटर उठला. "पाना दे," म्हणाला. रस्त्याच्या कडेलाच त्याने नखाने लाल ठिपका खरवडला, झाकण काढलं, जेट बदलला. मिस्त्री स्क्रू हातात धरून शेजारी उभा राहिला. डिकीतल्या कॅनमधून बाटली रेघेपर्यंत भरली, टाकीची नळी परत जोडून गाडी खाली शून्याच्या दगडापर्यंत नेली, बाटली जोडली आणि पुन्हा चढाला लागले. मघाची जागा आली. गाडी चालत होती. बाराव्या दगडाला लागून दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

लिटर उतरला नाही, मोजायला काही नव्हतंच. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून समोर धरले, उलटे-सुलटे करून पाहिले आणि मांडीवर ठेवले. मग तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. आठ वर्षांपूर्वी पाठीवर ठेवलेला तो हात मिस्त्रीला या वेळी उचलवला नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर लिटरने बाटली सोडवली, स्वच्छ धुतली, नळी गुंडाळली आणि सगळं जुन्या वर्तमानपत्रात बांधून आपल्या पिशवीत ठेवलं. मिस्त्री बघत होता. बायको दारात आली. "भाऊजी, जेवायची वेळ झालीय, हात धुवा."

"नको वहिनी. पुलापलीकडे जाऊन यावं म्हणतो. त्या गॅरेजवाल्याची जागा भरली नसेल तर विचारतो."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "इथंही जागा आहे. तुझीच आहे. आजपासून तू म्हणशील तो जेट."

लिटर पिशवी खांद्याला लावत थांबला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मिस्त्रीला काहीतरी धरून ठेवता आलं असतं.

"जेटचं काय रे," तो म्हणाला, "जेट तर तुझे बरेचदा बरोबर असायचे. पण इथं मी ठिपका लावला तर तो कुणासाठी लावायचा?"

तो गेला. ताठ चालत गेला, आला होता त्यापेक्षा भराभर. बायकोने विचारलं, "काय झालं हो? काय निघालं मापात?"

"बारा," मिस्त्री म्हणाला. "बाराच होते."

मग गाडीवर कापड घालायला म्हणून तो आत गेला आणि रिकाम्या खिळ्याखालच्या स्टुलावर बसून राहिला. जेवण झाकून ठेवून बायको दोनदा बोलवायला आली.